आमच्या वस्तीत राहतं कोण? जनगणनावाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
जनगणना कार्य संचालनालयातले साहेब आणि मॅडम, आणि त्यांच्या वतीने आमच्या भागात मोजणीला येणारे प्रगणक आणि पर्यवेक्षक,

स. न. वि. वि.

महापालिकेची हद्द संपल्याचा बोर्ड लागतो ना, त्याच्या पलीकडे लगेच जी वस्ती सुरू होते ती आमची. नाव मुद्दाम देत नाही, कारण राज्यातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या कडेला अशी एखादी वस्ती असतेच आणि मला जे म्हणायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे. कागदावर आम्ही गाव. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहेत, ग्रामसभा पण असते (कोरमअभावी तहकूब होते तो भाग वेगळा). प्रत्यक्षात येऊन बघाल तर सात-सात मजली बिल्डिंगा, मधेच जुन्या गावठाणातली कौलारू घरं, त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि नवीन टॉवरसाठी जिथे खड्डा खणलाय त्याच्या कडेला कामगारांच्या पत्र्याच्या शेड.

आता या सगळ्याची सरकारदरबारी नोंद काय, तर २०११ ची. २०२१ ची जनगणना करोनामुळे पुढे गेली आणि मग पुढेच जात राहिली, ते आता २०२७ उजाडणार. २०११ ला जन्मलेल्या पोरांना मिसरूड फुटायला लागलं पण आमचा आकडा तिथेच. आणि हा आकडा नुसता पुस्तकात पडून असता तर काही म्हणणं नव्हतं हो. पण राज्यघटनेच्या २४३ व्या कलमातच लिहिलंय की पंचायतीसाठी लोकसंख्या म्हणजे शेवटच्या ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत त्यातली लोकसंख्या. म्हणजे आज इथे डोळ्यांना कितीही माणसं दिसू देत, कायद्याच्या नजरेत आम्ही २०११ मध्ये होतो तेवढेच. ग्रामपंचायतीचे सदस्य किती ते त्याच्यावर ठरतं, दीड हजारापर्यंत ७, मग वाढत वाढत साडेसात हजारांच्या वर १७, आणि तिथे ब्रेक. पुढे तुम्ही आठ हजार असा नाहीतर चाळीस हजार, सदस्य १७ च. पंधराव्या वित्त आयोगाने सुद्धा निधीचा हिशोब केला तो २०११ च्याच लोकसंख्येवर. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा ३० हजारांमागे एक, आशाताई साधारण हजारामागे एक. निकष चांगलेच आहेत, माझं भांडण निकषांशी नाही, पण ज्या आकड्याला ते लावायचे तोच जर पंधरा वर्षं जुना असेल तर गणित कितीही बरोबर केलं तरी उत्तर चुकणारच ना.

बरं, नुसता जुना आकडा ही एक गोष्ट झाली, ती नवीन मोजणीने सुटेल. पण दुसरी एक भानगड आहे, ती नुसतं मोजून सुटत नाही. आम्ही गाव का शहर?

तुमच्याकडे याचं एक मोजमाप आहे मला माहितीये. कायद्याने नगरपालिका वगैरे नसली तरी लोकसंख्या किमान ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षात किमान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात असतील तर त्या गावाला तुम्ही जनगणना शहर म्हणता. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास तिप्पट. एवढी गावं शहर झाली आणि त्यातल्या बहुतेकांना कळलंही नसेल, कारण जनगणना शहर झाल्याने तिथला कारभार बदलत नाही. ग्रामपंचायतच राहते, सरपंचच राहतात, फक्त तुमच्या तक्त्यात नाव गावाच्या रकान्यातून उचलून शहराच्या रकान्यात जातं. ना इकडचे ना तिकडचे अशी गत. ग्रामीण पाणी योजनेचं गणित माणशी रोज ५५ लिटरचं, शहरी योजनेचं १३५ लिटरचं, आणि आमच्या सातव्या मजल्यावरचा फ्लश टँक काही गावाचा आहे का शहराचा ते विचारून पाणी सोडत नाही. मग उन्हाळा आला की टँकर.

त्यातून त्या ७५ टक्क्यांच्या अटीत फक्त पुरुष धरतात हे मला खरंच समजलेलं नाही. आमच्याकडे सकाळी सव्वासातच्या बसला रांग बघा, निम्म्या बायका असतात. कुणी नर्स, कुणी कंपनीत पॅकिंगला, कुणी बँकेत, कुणी शहरातल्या चार घरी धुणंभांडी करायला. वस्ती शहरी आहे का हे ठरवताना त्या रांगेतल्या निम्म्या लोकांचं काम बघायचंच नाही? असेल काहीतरी तांत्रिक कारण, बायका शेतीत हंगामी काम करतात त्यामुळे आकडा हलतो वगैरे, पण शहराच्या कडेला तरी हे आता जुनं झालं. आणि अजून एक, कुठलं गाव जनगणना शहर धरायचं ती यादी मोजणीच्या आधीच तयार होते आणि ती आधीच्या जनगणनेच्या आकड्यांवरून. म्हणजे २०११ नंतर ज्यांचा कायापालट झाला ती गावं या वेळी पण गावाच्याच रकान्यात मोजली जायची शक्यता आहे. निदान निकाल आल्यावर तरी नवीन आकडे लावून यादी परत तपासा, एवढी पहिली विनंती.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो, कारण वरचं सगळं थोडंफार कुणीतरी कुठेतरी बोलतंच. मला एकूण आकड्यापेक्षा आत कोण आहे याची काळजी जास्त आहे.

आमच्या बिल्डिंगचंच सांगतो. पार्किंगमध्ये जिन्याखाली एक खोली आहे, दार म्हणजे जाड प्लायवूडचा तुकडा, शेजारी मीटर बोर्ड, वर पाण्याच्या पाइपांचं जंगल. त्यात वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं राहतात. मोठी मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करते कारण आत उजेड येत नाही. बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये ही खोली नाही, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नाही, विजेचं वेगळं मीटर नाही. घरयादी करणारा माणूस लिफ्टने थेट वर गेला आणि वरून खाली फ्लॅट नंबर घेत आला तर हे चौघं राहूनच जाणार. तुमच्याच व्याख्येप्रमाणे मात्र ते जनगणना घर आहे, कारण रस्त्याकडून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र प्रवेश असलेला इमारतीचा भाग म्हणजे जनगणना घर. जिन्यातून म्हटलंय, ही खोली तर जिन्याच्याच पोटात. तेव्हा प्रगणक सर, प्रगणक मॅडम, प्लीज, लिफ्टच्या आधी पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. आणि पंपरूमच्या वर, गच्चीवरच्या टाकीखाली, क्लब हाऊसच्या मागे.

तसंच भाड्याच्या फ्लॅटचं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाच-सहा पोरं, प्रत्येकाचं आडनाव वेगळं, जिल्हा वेगळा, काहींचं राज्य वेगळं. दारावर पाटी मालकाची, आणि तो मालक राहतो दुसरीकडेच. इथे कुटुंब एक का सहा? तुमचा नियम मला आवडतो, एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, नात्याचा प्रश्नच नाही. पण दार उघडणाऱ्या पोराला हा नियम माहिती नसतो, तो सरळ सांगतो की आमचं नाव गावी घातलंय आईने. तिथेच गडबड होते. तो पोरगा दोन वर्षं इथे राहतो, इथलं पाणी वापरतो, इथल्या रस्त्यावरून जातो, इथल्या दवाखान्यात लाइन लावतो, मोजणीच्या अख्ख्या काळात तो गावाला फिरकलेला पण नसतो, आणि मोजला जातो गावी. नियम असा की जिथे नेहमी राहतो तिथे मोजायचं, आणि त्या मोजणीच्या काळात तो तिथून पूर्णवेळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे दोन्ही बाजूंनी बघितलं तरी तो आमचा. आईची माया समजू शकतो, पण गावी घरात एक माणूस जास्त आणि इथे एक कमी असं लाखो घरांत झालं तर रिकामी होत चाललेली गावं भरलेली दिसतात आणि खच्चून भरलेल्या उपनगरी वस्त्या मोकळ्या.

इथे थोडं आमच्या सोसायट्यांबद्दल पण बोललं पाहिजे, सगळा दोष तुमच्या माथी मारून कसं चालेल. काही कमिटीवाले भाडेकरूंची माहितीच देत नाहीत, त्यांना वाटतं टॅक्स वाढेल. काही मालकांचा करारनामा झालेला नसतो म्हणून ते फ्लॅट बंद आहे असं सांगून मोकळे होतात. आणि परराज्यातले कामगार घाबरतात की आपलं नाव कुठे लिहून घेतलं तर उद्या पोलीस येतील का. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे दिलेली माहिती गोपनीय असते, ती कोर्टात पुरावा म्हणून सुद्धा वापरता येत नाही, हे त्यांना सांगणार कोण? टीव्हीवर जाहिरात येईल, पण ती त्यांच्या भाषेत येईल का आणि लेबर कॅम्पमध्ये टीव्ही असेल का. मला वाटतं ठेकेदाराच्या मुकादमाला धरून हे काम करावं लागेल, दुसरा मार्ग नाही, कारण ती माणसं फक्त त्याचं ऐकतात. (याच कायद्यात असंही आहे की बाईने नवऱ्याचं नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आमच्या गावठाणातल्या दोन आज्यांना हे सांगितलं तर जाम खूश होतील.)

आता या पोरांचा आणि कामगारांचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते बघा. महाराष्ट्राचं २०११ चं लिंग गुणोत्तर हजार पुरुषांमागे ९२९ बायका. एखाद्या औद्योगिक पट्ट्याजवळच्या वस्तीत ते याच्यापेक्षा खूप खाली येतं, आणि लगेच कुणीतरी म्हणतं की बघा, इथे मुली मारतात. अहो, तसं असेलही कुठे, राज्याचं ० ते ६ वयाचं गुणोत्तर ८९४ होतं ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण ते तपासायचं तर लहान मुलांचा आकडा बघा, एकूण बघू नका. एकूण आकडा घसरतो तो पंचवीस वर्षांची एकटी पोरं कामाला आली म्हणून. दोन्ही दुखणी वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाच टक्केवारीत कोंबली की दोन्ही दिसेनाशी होतात.

आणि वय. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण याचा विचार होताना मला कधी दिसलाच नाही. जुन्या गावात कसं, सगळ्या वयाची माणसं असतात, आजोबा आहेत, नातू आहे, मधली पिढी आहे. आमच्यासारख्या वस्तीत माणसं वयाच्या गठ्ठ्याने येतात. बिल्डर एका फेजचं पझेशन देतो आणि दोन-तीन वर्षांत सगळे फ्लॅट भरतात, आणि घेणारे सगळे तिशी-पस्तिशीचे, कारण होम लोन त्याच वयात मिळतं. मग त्या सगळ्यांची मुलं एकदम. एका वर्षी अंगणवाडीत बसायला जागा नाही, त्यानंतर पहिलीला तुकडी वाढवा, आणखी काही वर्षांनी सगळी दहावीला, मग क्लासवाल्यांची चांदी, आणि मग एक दिवस सगळी शिकायला नोकरीला बाहेर आणि शाळेच्या वर्गात पटसंख्या नाही. लोकसंख्या तेवढीच राहिली तरी गरज दर सात-आठ वर्षांनी बदलते. आपल्याकडे काय होतं, लोकांना अंगणवाडी पाहिजे असते तेव्हा अर्ज जातो, तो मंजूर होऊन खोली बांधून होईपर्यंत त्याच मुलांना हायस्कूल पाहिजे असतं.

आमच्याकडे पहिल्या फेजच्या बिल्डिंगा आता दुसऱ्या टोकाला पोचल्यात. चार मजले, लिफ्ट नाही, कारण तेव्हा घेणाऱ्यांचे गुडघे धडधाकट होते आणि लिफ्टचा खर्च कुणाला नको होता. आज चौथ्या मजल्यावर जे आजी-आजोबा आहेत ते आठवड्यातून एकदा खाली उतरतात, तेही डॉक्टरची अपॉइंटमेंट असेल तर. मुलगा परदेशात किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि अगदी त्याच्या समोरच्या नवीन टॉवरमध्ये संध्याकाळी बाबागाड्यांची रांग. दोघांची सरासरी काढली तर आम्ही मध्यमवयीन, ठणठणीत वस्ती. राज्यात २०११ ला शंभरात जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती, आमच्याकडे किती ते कुणीच सांगू शकत नाही, कारण तुम्ही गावपातळीवर जी माहिती देता त्यात वयाचा एकच कप्पा असतो, ० ते ६. त्याच्या पुढे सगळे एकत्र. एकूण माणसं, बायका-पुरुष, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे, झालं. सात वर्षांची मुलगी आणि सत्त्याहत्तर वर्षांचे आजोबा एकाच रकान्यात.

म्हणून माझी मुख्य मागणी हीच आहे. या वेळी सगळं मोबाइल ॲपवर भरून घेणार आहात, लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायची पण सोय आहे, म्हणजे कागदाचे गठ्ठे फोडून आकडे चढवायचं काम वाचणार. मग प्रत्येक गावाचं आणि प्रत्येक वॉर्डचं वयोगटाप्रमाणे वर्गीकरण प्रसिद्ध करा. पाच-पाच वर्षांचे गट नको असतील तर निदान शाळेआधीचे, शाळेतले, कामाच्या वयाचे, साठीच्या पुढचे आणि पंच्याहत्तरीच्या पुढचे असे पाच करा. सोबत किती जण गेल्या पाच वर्षांत इथे राहायला आले आणि कुठल्या कारणाने, तेवढं द्या. कुणाची ओळख उघड होईल अशी भीती असेल तर फार छोट्या वाड्या एकत्र करा, पण हजारोंच्या वस्तीला ही सबब नको.

स्थलांतराचं एवढ्यासाठी म्हणतोय की आमच्यासारख्या ठिकाणी लोकसंख्या पाळण्याने वाढत नाही, पझेशन लेटरने वाढते. राज्याचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ वर आलाय, म्हणजे दोन माणसांमागे दोन मुलं पण नाहीत. तरी आमची वस्ती फुगतेय. मागच्या दहा वर्षांचा वाढीचा दर काढून पुढे रेघ ओढत न्यायची ही पद्धत जिल्ह्याला चालत असेल, एवढ्याशा वस्तीला चालत नाही. इथे एक टाउनशिप मंजूर झाली की रेघ उभी होते आणि बाजारात मंदी आली की आडवी. पाणी योजना आखताना पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरतात म्हणे. आमची टाकी बघून तरी तसं वाटत नाही बुवा.

तुमची बाजू पण कळते. एका प्रगणकाकडे साधारण सातशे ते आठशे माणसांचा गट, बहुतेक जण शिक्षक, शाळा सांभाळून, वर बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम कधी चिकटेल सांगता येत नाही. २०११ च्या मोजणीनंतर तुम्हीच पडताळणी केली तेव्हा हजारामागे २३ माणसं सुटल्याचं निघालं होतं, आणि एवढ्या मोठ्या देशात ते वाईट नाही. फक्त ही २३ माणसं सगळीकडे सारखी सुटत नाहीत. ती सुटतात जिथे दारं बंद असतात, जिथे राहणारे दर अकरा महिन्यांनी बदलतात, जिथे हद्दीची रेघ नक्की कुठून जाते यावर दोन गटांचे प्रगणक एकमेकांकडे बोट दाखवतात. हद्दीवरची आमची शेवटची गल्ली बरोबर अशीच आहे. डावीकडची घरं महापालिकेत, उजवीकडची ग्रामपंचायतीत, आणि मधल्या तीन चाळींचा पत्ता विचाराल तसा बदलतो. आमच्या भागातल्या मोजणीची जबाबदारी असलेल्या चार्ज अधिकाऱ्यांनी नकाशा घेऊन एकदा प्रत्यक्ष चालत जावं अशी विनंती. त्या चाळींमध्ये किमान शंभर माणसं राहत असतील.

शेवटी कामाचं. फेब्रुवारीत याल तेव्हा सकाळी अकरा ते पाच येऊ नका, कुलपंच दिसतील. संध्याकाळी साडेसातनंतर या नाहीतर रविवारी. लेबर कॅम्पला मात्र सकाळी सातच्या आत, आठला ते साइटवर असतात. गेटवर वॉचमन अडवेल, तेव्हा आयकार्ड गळ्यात ठेवा आणि सोसायटीचं नाव आधी कळवा, आम्ही काही जण मिळून नोटीस लावून ठेवतो आणि प्रत्येक बिल्डिंगमधला एक माणूस तुमच्यासोबत फिरेल. बंद फ्लॅटची यादी पण करून देऊ, कुठला खरंच रिकामा आणि कुठला नुसता कुलूपबंद ते आम्हाला माहिती असतं. गेल्या वेळी १ ते ५ मार्चला फेरतपासणीची फेरी होती, या वेळी पण असेल तर त्या यादीवरच्या दारांपासून सुरुवात करा.

कळावे, लोभ असावा.

हद्दीच्या बोर्डापलीकडचा एक रहिवासी